श्वान परवाना व ओळख (रत्नागिरी–भाट्ये)

श्वान परवाना म्हणजे पाळीव कुत्रा बाळगण्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थेने मालकास दिलेली लेखी अनुमती होय. परवान्यावर मालकाचे नाव व पत्ता, कुत्र्याचे वर्णन आणि लसीकरणाची नोंद असते. परवाना दिल्याची खूण म्हणून पूर्वापार गळपट्ट्याला लावण्याचा क्रमांकित बिल्ला देण्याची पद्धत आहे. कुत्र्याची ओळख पटविण्यासाठी बिल्ल्याखेरीज कानावरील खूण, गोंदण आणि त्वचेखाली बसविण्याची मायक्रोचिप ही साधने वापरली जातात.

महाराष्ट्रात सर्वत्र लागू असा एकच श्वान परवाना कायदा नाही. महानगरपालिका, नगर परिषद आणि ग्रामपंचायत यांचे अधिनियम वेगवेगळे असून त्यांवर केंद्रीय नियमांची चौकट आहे. रत्नागिरी शहर आणि खाडीपलीकडील भाट्ये हे गाव यांच्या उदाहरणावरून हा फरक स्पष्ट होतो.

स्थान व प्रशासन

भाट्ये हे रत्नागिरी तालुक्यातील समुद्रकिनारी वसलेले गाव आहे. काजळी नदी जेथे अरबी समुद्रास मिळते तेथील खाडीस भाट्ये खाडी म्हणतात. खाडीच्या उत्तरेस रत्नागिरी शहर व दक्षिणेस भाट्ये असून रत्नागिरी–पावस मार्गावरील पुलाने ती जोडली गेली आहेत. भाट्ये येथे सुरूच्या बनाला लागून असलेला लांब वाळूचा किनारा, झरी विनायकाचे मंदिर आणि डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे.

पुलाच्या उत्तरेस नगर परिषदेचा कारभार चालतो, तर दक्षिणेस ग्रामपंचायतीचा. कुत्रे मात्र ही हद्द मानत नाहीत. शहरातील रहिवासी आपली पाळीव कुत्री सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर फिरावयास आणतात, पर्यटकांसोबत बाहेरगावची कुत्री येतात, आणि खाद्यपदार्थांच्या टपऱ्यांभोवती मोकाट कुत्र्यांचा वावर असतो. त्यामुळे एखाद्या कुत्र्याचा मालक कोण, त्याला लस टोचली आहे काय आणि त्याची नोंद कोणत्या संस्थेकडे शोधावयाची, हे प्रश्न अशा ठिकाणी वारंवार उपस्थित होतात.

कोकणातील वाडीवस्तीत पाळीव आणि मोकाट यांमधील सीमारेषाही पुसट असते. घराच्या अंगणात वाढलेला, उरलेल्या भाकरी-भातावर पोसलेला आणि रात्री राखण करणारा कुत्रा क्वचितच बांधून ठेवला जातो. आंबा व काजूच्या बागांत वानर, रानडुक्कर आणि चोर यांच्यापासून राखण करण्यासाठी कुत्री ठेवली जातात. हंगाम संपल्यावर बागेतील राखणदार गावी परततो आणि कुत्रा मागे राहिला तर तो मोकाट ठरतो. अशा कुत्र्याचा मालक कागदोपत्री ठरविण्याचे साधन म्हणजे नोंदणी होय.

इतिहास

भारतातील शहरी प्रशासनाने कुत्र्यांचा प्रश्न प्रथम संहाराच्या मार्गाने हाताळला. मुंबईत १८१३ च्या नियमानुसार ठरावीक काळात भटकी कुत्री मारण्याची मुभा होती व प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस दिले जाई. बक्षिसाच्या लोभाने मालकांची कुत्रीही मारली जात असल्याची तक्रार होती. ६ जून १८३२ रोजी याच कारणावरून मुंबईच्या फोर्ट भागात दंगल उसळली. कुत्र्यास धार्मिक महत्त्व देणारा पारशी समाज या निषेधात अग्रभागी होता. मालकाचा कुत्रा आणि बेवारशी कुत्रा यांत भेद करणारी खूण नसेल तर काय घडते, याचे हे जुने उदाहरण मानता येते.

पुढे नागरी संस्थांच्या कायद्यांत कुत्र्यांवरील कर व परवान्याच्या तरतुदी आल्या. या तरतुदींचा हेतू केवळ महसूल नव्हता. ज्याचा कर भरला आहे आणि ज्याच्या गळ्यात बिल्ला आहे तो कुत्रा मालकीचा, उरलेले बेवारशी, अशी विभागणी त्यातून होत असे. बेवारशी कुत्री पकडून मारण्याचा अधिकार त्याच कायद्यांनी प्रशासनास दिला होता. म्हणून त्या काळी बिल्ला हे प्रत्यक्षात कुत्र्याचे जीवरक्षक कवच होते.

कायदेशीर चौकट

महानगरपालिका

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम १९१-अ नुसार बृहन्मुंबईत पाळीव कुत्र्यासाठी परवाना घेणे बंधनकारक आहे. पुणे, ठाणे, नागपूर आदी इतर महानगरपालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू होतो. त्यातील कलम १२७ मध्ये महानगरपालिकेने बसवावयाच्या ऐच्छिक करांमध्ये कुत्र्यांवरील कराचा समावेश आहे.

नगर परिषद

रत्नागिरी नगर परिषदेचा कारभार महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ नुसार चालतो. या अधिनियमात नगर परिषदेस आपल्या हद्दीत पाळलेल्या कुत्र्यांवर कर बसविण्याची मुभा आहे. हा कर ऐच्छिक स्वरूपाचा असल्याने तो बसविण्यासाठी परिषदेचा ठराव व विहित कार्यपद्धती आवश्यक असते. त्यामुळे एकाच जिल्ह्यातील दोन नगर परिषदांचे नियम व शुल्क भिन्न असू शकतात.

ग्रामपंचायत

भाट्ये गावास महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ लागू होतो. ग्रामपंचायतीच्या वसुलीत प्रामुख्याने घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती व आरोग्य कर यांचा समावेश असतो. कुत्र्याचा परवाना ही मुख्यतः शहरी कायद्यांतील संकल्पना आहे. तथापि याचा अर्थ गावातील मालकावर कोणतीही जबाबदारी नाही असा होत नाही. लसीकरण, कुत्र्यावरील ताबा आणि क्रूरतेस प्रतिबंध यांविषयीचे केंद्रीय कायदे गाव व शहर दोहोंस सारखेच लागू आहेत. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पशुसंवर्धन हा विषय पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांमध्ये आहे. ग्रामीण भागात लसीकरण व पशुवैद्यकीय सेवा जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाचे दवाखाने पुरवितात. ग्रामसभेत ठराव करून गावातील पाळीव कुत्र्यांची नोंदवही ठेवणे आणि पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने लसीकरण शिबिर भरविणे हा गावांसाठी व्यवहार्य मार्ग आहे.

केंद्रीय नियम

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम, १९६० हा या विषयावरील मूळ केंद्रीय कायदा आहे. त्याखाली पुढील नियम करण्यात आले.

• प्राणी जन्म नियंत्रण (कुत्री) नियम, २००१ : यांत कुत्र्यांचे पाळीव व रस्त्यावरील असे वर्गीकरण करण्यात आले. नियंत्रित प्रजनन, लसीकरण, निर्बीजीकरण आणि स्थानिक कायद्यानुसार परवाना घेणे ही पाळीव कुत्र्याच्या मालकाची जबाबदारी ठरविण्यात आली. रस्त्यावरील कुत्र्यांसाठी निर्बीजीकरण व लसीकरण करून त्याच ठिकाणी परत सोडण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला.

• श्वान प्रजनन व विक्री नियम, २०१७ : व्यावसायिक प्रजनन करणाऱ्यास राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. प्रजनन केंद्रातील कुत्र्यांना मायक्रोचिप बसविणे व तिची नोंद ठेवणे आवश्यक आहे. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही.

• प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ : हे १० मार्च २०२३ रोजी अधिसूचित झाले व त्यांनी २००१ च्या नियमांची जागा घेतली. यांत रस्त्यावरील प्राण्यांसाठी ‘सामुदायिक प्राणी’ ही संज्ञा वापरली आहे. निर्बीजीकरण कार्यक्रम राबविण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेची असून, काम करणाऱ्या संस्थेस भारतीय प्राणी कल्याण मंडळाची मान्यता लागते.

परवान्याची कार्यपद्धती

परवाना देणाऱ्या नागरी संस्थांमध्ये तपशिलाचा फरक असला तरी सर्वसाधारण कार्यपद्धती सारखी आहे. मालक आपल्या ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, कुत्र्याचे छायाचित्र आणि नोंदणीकृत पशुवैद्यकाने दिलेले रेबीज प्रतिबंधक लसीकरणाचे प्रमाणपत्र सादर करतो. निर्बीजीकरण झाले असल्यास त्याचा दाखला जोडला जातो. वर्णनात जात, लिंग, वय, रंग व विशेष खुणा यांची नोंद होते. देशी किंवा मिश्र जातीच्या कुत्र्यासही परवाना मिळतो. वंशावळीचे प्रमाणपत्र त्यासाठी आवश्यक नसते.

परवान्याची मुदत सामान्यतः एक वर्षाची असते व नूतनीकरणासाठी लसीकरण चालू असल्याचा पुरावा द्यावा लागतो. त्यामुळे परवान्याचे नूतनीकरण आणि वार्षिक लस यांची सांगड आपोआप घातली जाते. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने परवान्याचे हेच सर्वांत मोठे मोल आहे.

परवाना, वंशावळ प्रमाणपत्र आणि लसीकरण पुस्तिका या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत. केनेल क्लब ऑफ इंडियासारख्या संस्थेने दिलेले प्रमाणपत्र कुत्र्याची जात व वंश दर्शविते. त्यामुळे स्थानिक परवान्याची पूर्तता होत नाही. लसीकरण पुस्तिका हा पशुवैद्यकीय अभिलेख आहे. परवाना हा मात्र स्थानिक संस्थेच्या दप्तरातील मालकीचा पुरावा ठरतो.

ओळखीची साधने

गळपट्टा व बिल्ला

हे सर्वांत जुने व स्वस्त साधन आहे. बिल्ल्यावर परवाना क्रमांक, वर्ष व संस्थेचे नाव कोरलेले असते. मालकाचा दूरध्वनी क्रमांक असलेला बिल्ला हरवलेला कुत्रा परत मिळविण्यास विशेष उपयोगी पडतो, कारण तो वाचण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. पट्टा तुटणे, काढला जाणे किंवा बदलला जाणे ही त्याची मर्यादा आहे. समुद्रकिनारी खाऱ्या हवेमुळे लोखंडी कडी लवकर गंजते. त्यामुळे पितळी किंवा गंजरोधक पोलादी बिल्ला अधिक टिकतो.

कानावरील खूण

निर्बीजीकरण झालेल्या सामुदायिक कुत्र्याच्या कानाच्या टोकास भूल दिलेल्या अवस्थेत लहानशी खाच पाडली जाते. ही खूण लांबूनही दिसते. त्यामुळे तेच कुत्रे पुन्हा पकडले जात नाही. मात्र ती खूण म्हणजे त्या वर्षीची रेबीजची लस दिल्याचा पुरावा नव्हे. २००१ च्या नियमांनी कानावरील खुणेसोबत गोंदण, टोकन किंवा नायलॉनच्या पट्ट्याची मुभा दिली होती, पण डागण्यास मनाई केली होती. शस्त्रक्रियेसाठी आणलेल्या कुत्र्यास केंद्रात पोहोचताच क्रमांकित पट्टा घालावा लागतो. त्यास पकडलेल्या जागीच परत सोडता यावे, हा त्यामागील हेतू आहे.

मायक्रोचिप

मायक्रोचिप ही तांदळाच्या दाण्याएवढी, जैव-अनुकूल काचेच्या नळीत बंद केलेली इलेक्ट्रॉनिक चकती असते. ती सुईद्वारे कुत्र्याच्या दोन्ही खांद्यांच्या मध्ये त्वचेखाली सोडली जाते. तिच्यात विद्युतघट नसतो. वाचकयंत्र जवळ आणल्यावर त्याच्या रेडिओ लहरींमुळे ती कार्यान्वित होते व आपला क्रमांक कळविते. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या ११७८४ व ११७८५ या मानकांनुसार हा क्रमांक १५ अंकी असतो व यंत्र १३४.२ किलोहर्ट्झ वारंवारतेवर चालते. क्रमांकाचे पहिले तीन अंक देशाचा अथवा उत्पादकाचा संकेत दर्शवितात.

मायक्रोचिपविषयी दोन गैरसमज आढळतात. पहिला, तिच्या साहाय्याने कुत्रा कोठे आहे हे नकाशावर कळते. प्रत्यक्षात तिच्यात स्थान सांगणारी कोणतीही यंत्रणा नसते. दुसरा, चिप बसविली म्हणजे मालकाची नोंद झाली. चिपमध्ये केवळ क्रमांक असतो. तो क्रमांक, मालकाचे नाव व सध्याचा पत्ता एखाद्या माहितीसंचात नोंदविलेला व अद्ययावत नसेल, तर चिप वाचूनही मालक सापडत नाही.

गुराढोरांच्या कानातील बारा अंकी बिल्ला हा कुत्र्यांच्या ओळखीहून वेगळा आहे. ती केंद्र शासनाची पशुधन ओळख प्रणाली असून गाय, म्हैस, शेळी, मेंढी अशा जनावरांसाठी वापरली जाते.

लसीकरणाचा रंग

सामूहिक लसीकरण मोहिमेत लस टोचलेल्या कुत्र्याच्या अंगावर बिनविषारी रंगाची खूण केली जाते. ती थोड्याच दिवसांत निघून जाते, परंतु मोहिमेनंतर लगेच पाहणी करून किती टक्के कुत्र्यांना लस मिळाली हे त्यावरून ठरविता येते.

रेबीज आणि ओळखीचे महत्त्व

रेबीज हा विषाणूजन्य रोग असून त्याची लक्षणे प्रकट झाल्यानंतर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. भारतात माणसास होणारा रेबीज बहुतांशी कुत्र्याच्या चाव्यातून होतो. केंद्र शासनाने २०२१ मध्ये कुत्र्यांपासून होणाऱ्या रेबीजचे २०३० पर्यंत उच्चाटन करण्याची राष्ट्रीय कृती योजना जाहीर केली. लोकसंख्येतील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना सातत्याने लस दिल्यास रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना मानते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १२.७६ लाख भटकी कुत्री नोंदविली गेली. या आकड्यावरून कामाची व्याप्ती लक्षात येते.

कुत्रा चावल्यास जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान पंधरा मिनिटे धुवावी व विनाविलंब रुग्णालयात जाऊन लस घ्यावी, असा वैद्यकीय संकेत आहे. जखमेवर हळद, चुना, मिरची किंवा तेल लावणे घातक ठरते. त्वचेतून देण्याच्या लसीच्या मात्रा सामान्यतः ०, ३, ७ व २८ व्या दिवशी असतात. खोल किंवा रक्तस्राव झालेल्या जखमेत लसीखेरीज रेबीज प्रतिपिंडेही जखमेत टोचली जातात.

चावलेल्या कुत्र्याची ओळख पटली तर त्याच्यावर दहा दिवस देखरेख ठेवता येते. चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू असेल तर या मुदतीत तो आजारी पडतो किंवा मरतो. दहा दिवसांनंतर तो निरोगी राहिला तर पुढील उपचारात बदल करावयाचा किंवा कसे, हे डॉक्टर ठरवू शकतात. उपचार मात्र देखरेखीच्या निकालासाठी थांबविले जात नाहीत. कुत्रा अनोळखी असेल आणि पुन्हा सापडत नसेल, तर तो रेबीजग्रस्त होता असे गृहीत धरूनच संपूर्ण उपचार करावे लागतात. भाट्येसारख्या किनाऱ्यावर, जेथे चावणारा कुत्रा आणि चावा झालेला माणूस दोघेही परगावचे असू शकतात, तेथे गळ्यातील एक बिल्ला या अनिश्चिततेत मोठा फरक घडवितो.

कुत्र्याच्या पिल्लास रेबीजची पहिली लस सामान्यतः तीन महिन्यांच्या वयात दिली जाते. त्यानंतर वर्धक मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, बहुधा दरवर्षी, दिली जाते.

मालकाची जबाबदारी

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून मानवी जीवितास किंवा गंभीर दुखापतीस संभाव्य धोका असताना पुरेशी काळजी न घेणे हा अपराध आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. प्राण्यास ठार मारणे, विष घालणे किंवा अपंग करणे हा कलम ३२५ खालील अपराध असून त्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. पाळलेला प्राणी वाऱ्यावर सोडून देणे हे १९६० च्या अधिनियमानुसार क्रूरतेत मोडते. परवाना नसणे म्हणजे जबाबदारी नसणे नव्हे. कुत्रा कोणाच्या ताब्यात होता हे अन्य पुराव्यानेही सिद्ध करता येते.

किनारी भागात मालकाच्या जबाबदारीस आणखी एक पैलू आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास, गावखडी आदी किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे हिवाळ्यात वाळूत अंडी घालतात. मोकळी सोडलेली कुत्री घरटी उकरून अंडी खातात. म्हणून विणीच्या काळात कुत्री दोरीने बांधून फिरविण्यास महत्त्व आहे. रात्री मोकळा सोडलेला कुत्रा बिबट्यास वस्तीकडे ओढून आणतो, असाही कोकणातील अनुभव आहे.

वाद व न्यायालयीन निर्णय

स्थानिक कायद्यांनी दिलेला बेवारशी कुत्री मारण्याचा अधिकार आणि केंद्रीय नियमांतील निर्बीजीकरणाचा मार्ग यांत विसंगती होती. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने बहुमताने स्थानिक प्रशासनाचा अधिकार मान्य केला. जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. हे प्रकरण मे २०२४ मध्ये निकाली निघाले व २०२३ च्या नियमांच्या संदर्भात पुढील दाद मागण्याची मोकळीक ठेवण्यात आली.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांसंबंधीच्या आपल्या आधीच्या आदेशात बदल केला. निर्बीजीकरण, जंतनाशक औषध व लसीकरणानंतर कुत्री मूळ जागी सोडावीत, मात्र रेबीजग्रस्त, संशयित किंवा आक्रमक कुत्री सोडू नयेत, असे ठरविण्यात आले. खाऊ घालण्यासाठी निश्चित जागा असाव्यात असेही निर्देश देण्यात आले व प्रकरणाची व्याप्ती सर्व राज्यांपर्यंत वाढविण्यात आली. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शैक्षणिक संस्था, रुग्णालये, क्रीडा संकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातील भटकी कुत्री हलवून ती तेथे परत न सोडण्याचे निर्देश दिले.

जातीनुसार बंदीचा प्रयत्नही झाला. केंद्र शासनाने १२ मार्च २०२४ च्या परिपत्रकाद्वारे काही ‘हिंस्र’ समजल्या जाणाऱ्या जातींना परवाना देऊ नये असे राज्यांना कळविले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द केले.

इतरत्र

शेजारील गोव्यात मिशन रेबीज या संस्थेच्या सहकार्याने राज्य शासनाने घरोघर व रस्त्यावर सामूहिक लसीकरण केले. लस दिलेल्या प्रत्येक कुत्र्याची नोंद भ्रमणध्वनीवरील उपयोजनात स्थानासह केली गेली. २०२१ मध्ये गोवा हे रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून घोषित झाले. किनारपट्टी, पर्यटन व मोकळी फिरणारी पाळीव कुत्री ही परिस्थिती दक्षिण कोकणासारखीच असल्याने हे उदाहरण रत्नागिरीसाठी उद्बोधक आहे.

ब्रिटनमध्ये श्वान परवाना १९८७ मध्ये रद्द झाला. तो केवळ उत्तर आयर्लंडमध्ये टिकून राहिला. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१६ पासून मायक्रोचिप सक्तीची आहे. जर्मनीत नगरपालिका आजही श्वानकर आकारतात व कराचा बिल्ला देतात. भारतातून युरोपीय संघातील देशात कुत्रा न्यावयाचा असल्यास आधी मानक मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी आणि चाचणीनंतर तीन महिन्यांची प्रतीक्षा असा क्रम पाळावा लागतो. चिप बसविण्यापूर्वी दिलेली लस ग्राह्य धरली जात नाही, कारण ती नेमक्या त्याच कुत्र्यास दिली हे सिद्ध करता येत नाही.